निळ्या डोळ्यांसाठी केलेली प्रार्थना

अकरा वर्षांची एक मुलगी रोज रात्री देवाजवळ एकच मागणे मागते. चांगले घर, नवे कपडे, शाळेत कौतुक यांपैकी तिला काहीच नको आहे. तिला निळे डोळे हवे आहेत. आपले डोळे निळे झाले तर आईवडील भांडणार नाहीत, वर्गात कोणीतरी आपल्या शेजारी बसेल, दुकानदार आपल्याकडे पाहील, असा तिचा भाबडा हिशेब आहे. एक वर्ष उलटले तरी तिची प्रार्थना खंडत नाही. अमेरिकन लेखिका टोनी मॉरिसन यांच्या ‘द ब्लूएस्ट आय’ या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या कादंबरीचा हा गाभा आहे.

वंशभेदावर लिहिलेल्या पुस्तकांत आपल्याला बहुधा चाबूक, फास, बंद दरवाजे आणि जळणारी घरे भेटतात. अशा पुस्तकांत अत्याचार करणारा कोण आणि सोसणारा कोण हे स्पष्ट असते, आणि वाचक सहजच सोसणाऱ्याच्या बाजूला जाऊन उभा राहतो. या कादंबरीच्या मध्यभागी मात्र एक प्रार्थना आहे. तिच्यात गौरवर्णीय खलनायक जवळजवळ नाहीच. त्यामुळे या मुलीचे वाटोळे कोणी केले, या प्रश्नाचे उत्तर शोधताना वाचकाला शेजारी, शिक्षक, आई, बाप आणि देवाचे नाव घेणारा माणूस अशा सर्वांच्या दाराशी जावे लागते. वंशभेदाचे सर्वांत खोल काम घराच्या आत चालते, आणि ते द्वेषाच्या हातून होते तितकेच मायेच्या हातूनही होते, असे ही कादंबरी सांगते. कुटुंबवत्सल वाचकांनी तिची दखल का घ्यावी, याचे कारण आमच्या मते हेच आहे.

लेखिकेविषयी थोडे सांगणे अगत्याचे आहे. त्यांचे मूळ नाव क्लोई वॉफर्ड. १९३१ साली ओहायो राज्यातील लोरेन या एरी सरोवराच्या काठच्या पोलादनगरीत त्यांचा जन्म झाला. दक्षिणेतील जाच आणि दारिद्र्य यांना कंटाळून उत्तरेकडे आलेल्या लाखो कृष्णवर्णीय कुटुंबांपैकी त्यांचे एक. वयाच्या बाराव्या वर्षी त्यांनी कॅथलिक धर्म स्वीकारला आणि स्नानसंस्काराच्या वेळी पादुआच्या संत अंतोनीचे नाव घेतले. जगाला परिचित असलेले ‘टोनी’ हे नाव त्या ‘अँथनी’चेच लघुरूप होय. पुढे ‘बिलव्हेड’ या कादंबरीसाठी त्यांना १९८८ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि १९९३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. साहित्याचे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. २०१९ साली त्यांचे निधन झाले. प्रस्तुत कादंबरी लिहिली तेव्हा मात्र त्या दोन लहान मुलांना एकट्याने वाढवणारी, नोकरी करणारी आई होत्या. ती नोकरी होती शालेय पाठ्यपुस्तकांच्या संपादनाची. हा तपशील आम्ही मुद्दाम नोंदवतो, कारण कादंबरीची सुरुवातच एका पाठ्यपुस्तकाने होते.

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील असंख्य मुले ‘डिक आणि जेन’ या वाचनमालेवर अक्षरे शिकली. सुंदर घर, हसरी आई, बलदंड बाबा, गोरीगोमटी मुले, मांजर आणि कुत्रा, असे त्या मालेचे जग होते. १९६५ सालापर्यंत या जगात एकही कृष्णवर्णीय कुटुंब नव्हते. मॉरिसन अशाच धड्याचा उतारा तीनदा देतात. पहिल्यांदा तो नीट छापलेला आहे, दुसऱ्यांदा त्यातील विरामचिन्हे नाहीशी झाली आहेत, आणि तिसऱ्यांदा शब्दांमधील जागाही उरलेली नाही. पुढे त्याचेच तुटलेले तुकडे अनेक प्रकरणांच्या डोक्यावर येतात. ‘सुंदर घर’ म्हटले की खाली बंद पडलेल्या दुकानाच्या गाळ्यात राहणाऱ्या कुटुंबाची कथा, ‘हसरी आई’ म्हटले की जिचे हसू केव्हाच मावळले त्या आईची कथा. ज्या पुस्तकातून मूल वाचायला शिकते त्याच पुस्तकातून ते आपण कोठेच नाही हेही शिकते, एवढी मोठी गोष्ट लेखिकेने कोणतेही भाष्य न करता केवळ मांडणीतून सांगितली आहे.

कथानक थोडक्यात असे. काळ १९४०-४१चा, स्थळ लोरेन. पेकोला ब्रीडलव्ह ही ती अकरा वर्षांची मुलगी. दारुडा बाप चॉली, परघरी मोलकरणीचे काम करणारी आई पॉलीन आणि एक भाऊ असे तिचे घर. हे कुटुंब त्या गाळ्यात राहते ते गरिबीमुळे. पण तेथून बाहेर पडत नाही ते आपण कुरूप आहोत या पक्क्या समजुतीमुळे. बापाच्या अत्याचारातून पेकोलाला दिवस जातात. ती एका भोंदू माणसाकडे निळे डोळे मागायला जाते, मूल अपुऱ्या दिवसांचे जन्मून मरते आणि पेकोलाचे भान हरपते. ही सारी हकीकत सांगते ती क्लॉडिया मॅकटीर, त्या वेळी नऊ वर्षांची असलेली तिची मैत्रीण. शेवट काय होणार हे क्लॉडिया पहिल्याच पानांत सांगून टाकते. त्यामुळे ‘पुढे काय’ ही उत्सुकता राहत नाही, ‘हे असे कसे झाले’ एवढाच प्रश्न उरतो.

त्या ‘कसे’चे पहिले उत्तर आहे भेटवस्तू. दर नाताळला क्लॉडियाला निळ्या डोळ्यांची, पिवळ्या केसांची, गुलाबी गालांची मोठी बाहुली मिळते. देणाऱ्यांच्या मनात प्रेमाखेरीज काही नाही. त्यांना स्वतःला लहानपणी जे मिळाले नाही तेच ते हौसेने देत आहेत. क्लॉडिया ती बाहुली मोडून टाकते. सगळ्या जगाला हिच्यात एवढे काय दिसते, हे तिला आत उघडून पाहायचे आहे. नाताळात तुला काय हवे, असे कोणी तिला विचारतच नाही. विचारले असते तर तिने वस्तू मागितलीच नसती. आजीच्या स्वयंपाकघरात बुटक्या स्टुलावर बसून, मांडीत फुले घेऊन, केवळ आपल्यासाठी वाजवलेले आजोबांचे व्हायोलिन तिला ऐकायचे होते. पेकोलाचे वागणे अगदी उलट आहे. शर्ली टेंपल या बालतारकेचे चित्र असलेल्या पेल्याकडे पाहत राहता यावे म्हणून ती पेल्यामागून पेले दूध पिते. एकीचा राग आणि दुसरीची भक्ती, दोन्हींचे कारण एकच गोरा चेहरा आहे.

हा केवळ कवीकल्पनेचा खेळ नव्हे. केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने त्याच काळात लहान मुलांसमोर गोऱ्या आणि तपकिरी बाहुल्या ठेवून प्रश्न विचारले होते. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातील २५३ कृष्णवर्णीय मुलांपैकी सुमारे दोन तृतीयांश मुलांनी खेळण्यासाठी गोरी बाहुली उचलली. ‘यांपैकी तुझ्यासारखी कोणती?’ असे विचारल्यावर काही मुले रडू लागली. शाळांतील वर्णविभाजन घटनाविरोधी ठरवणाऱ्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ सालच्या निकालात या संशोधनाचा आधार घेतला गेला. पण न्यायालय शाळेचा दरवाजा उघडू शकते, मुलाने कोणती बाहुली उचलावी हे ते ठरवू शकत नाही. कायदा जेथे थांबतो तेथून पुढचा प्रदेश कादंबरीकाराचा आहे, आणि मॉरिसन यांनी नेमका तोच निवडला आहे.

पेकोला तीन पैशांच्या गोळ्या घ्यायला जाते तो प्रसंग याची साक्ष देतो. दुकानदार युरोपातून आलेला स्थलांतरित, स्वतःही फार सुखवस्तू नसलेला. तो तिला शिवी देत नाही की हाकलून देत नाही. तो तिच्याकडे पाहतो, पण त्याच्या नजरेला काही दिसतच नाही; पैसे घेताना तिच्या हाताला आपला हात लागू नये म्हणून तो घुटमळतो. बाहेर पडल्यावर पेकोलाला क्षणभर राग येतो. तो राग टिकता तर ती कदाचित वाचली असती, कारण राग येण्यासाठी आपण कोणीतरी आहोत असे वाटावे लागते. पण राग ओसरतो आणि शरम उरते. मग ती गोळीच्या वेष्टनावरील निळ्या डोळ्यांच्या मुलीचे चित्र पाहत गोळ्या खाते, जणू गोळीबरोबर ते डोळेही पोटात जावेत. अपमानाचे इतके शांत आणि इतके भेदक वर्णन आमच्या वाचनात क्वचितच आले आहे.

येथपर्यंत वाचून एखादा म्हणेल, ‘हा गोऱ्यांनी काळ्यांवर केलेला अन्याय, आणखी काय?’ मॉरिसन या सोप्या उत्तरावर थांबत नाहीत. कृष्णवर्णीयांच्या वस्तीतच रंगांची एक उतरंड आहे. मॉरीन पील ही उजळ वर्णाची, श्रीमंत घरची मुलगी शाळेत येताच शिक्षकांच्या चेहऱ्यावर हसू उमटते, मुले वाटेतून बाजूला होतात. जेराल्डीन ही टापटिपीची गृहिणी ‘सभ्य’ काळे आणि ‘गलिच्छ’ काळे यांत कडक भेद करते, मुलाच्या त्वचेला कोरडेपणा येऊ देत नाही आणि घरात शिरलेल्या पेकोलाला घाण शब्दांत हाकलून देते. वेस्ट इंडीजमधून आलेल्या सोपहेड चर्चच्या घराण्यात तर कोणे एके काळी मिसळलेल्या इंग्रज रक्ताचा अभिमान पिढ्यान्पिढ्या जपला गेला आहे. ज्या मापाने जग यांना मोजून कमी ठरवते तेच माप हातात घेऊन ही माणसे आपल्याहून खालच्याला मोजतात. सर्वांत खाली पेकोला उभी आहे. तिच्या कुरूपतेशेजारी प्रत्येकाला आपण थोडे सुंदर वाटतो. क्लॉडियाही यातून स्वतःला वगळत नाही, हा तिच्या निवेदनाचा मोठा प्रामाणिकपणा आहे.

कादंबरीतील सर्वांत कठीण प्रसंग आईचा आहे. पॉलीन तरुणपणी एकटेपणा घालवायला चित्रपट पाहू लागते आणि पडद्यावरच्या गोऱ्या नटीसारखी केशरचना करते. एके दिवशी अंधारात गोळी चावताना तिचा पुढचा दात तुटतो, आणि त्याबरोबर सुंदर होण्याची तिची उमेदही संपते. पुढे ती फिशर नावाच्या गोऱ्या कुटुंबात कामाला लागते. तेथली चकचकीत भांडी, स्वच्छ टॉवेल, भरलेली कपाटे यांत तिला आपले खरे घर सापडते. तेथील लहान मुलगी तिला लाडाने ‘पॉली’ म्हणते. स्वतःची मुलगी तिला ‘मिसेस ब्रीडलव्ह’ म्हणते. एकदा पेकोला त्या स्वयंपाकघरात जाते आणि तिच्या हातून ओव्हनमधून नुकताच काढलेला फळांचा गोड पदार्थ सांडतो. कढत रसाने तिचे पाय भाजतात. आई धावते ती तिला मारायला, कारण फरशी खराब झाली. त्याच क्षणी ती रडणाऱ्या गोऱ्या मुलीला मऊ शब्दांनी समजावते. ‘या कोण होत्या?’ असे ती मुलगी विचारते, आणि आई ‘माझी मुलगी’ असे उत्तर देत नाही.

या प्रसंगाशी वाचकाने थोडे थांबावे. पॉलीन दुष्ट नाही. ती कष्टाळू आहे, धार्मिक आहे, चर्चमध्ये तिला मान आहे. परंतु सौंदर्य, स्वच्छता आणि चांगुलपणा ही सारी गोऱ्या घरात राहतात, हे तिने इतके खोलवर मान्य केले आहे की स्वतःच्या लेकीसाठी तिच्याजवळ त्यांतले काहीच उरलेले नाही. उलट क्लॉडियाची आई तोंडाने फटकळ आहे, रागावते, फटकावते. पण आजारी मुलीच्या छातीला मलम चोळणारे आणि रात्री पांघरूण सारखे करणारे हात तिचेच आहेत. दोन्ही घरांवर तेच दारिद्र्य आणि तोच वंशभेद आहे. तरी क्लॉडिया वाचते आणि पेकोला मोडते. घराला सारे काही थोपवता येत नाही, पण घर काहीच करू शकत नाही असेही नाही, हे लेखिकेने या दोन आयांना शेजारी शेजारी ठेवून दाखवले आहे.

बापाच्या व्यक्तिचित्राबद्दल मात्र वाचकांत मतभेद होणे स्वाभाविक आहे. चॉलीला जन्मल्यावर त्याच्या आईने रेल्वेरुळांजवळच्या उकिरड्यावर टाकले. पुढे तारुण्याच्या उंबरठ्यावर बंदूकधारी गोऱ्या शिकाऱ्यांनी त्याची अशी विटंबना केली की त्याचा द्वेष त्यांच्यावर न वळता आपल्या सोबतच्या मुलीवर वळला. हे सगळे सांगून मगच लेखिका त्याच्या अपराधाकडे येते. अपराध्याला इतके समजून घेणे म्हणजे त्याला क्षमा करणे नव्हे काय, असा आक्षेप घेतला जातो. आम्हांला तसे वाटत नाही. पापाचे मूळ दाखवल्याने पाप लहान होत नाही. मात्र हे प्रकरण वाचणे यातनादायक आहे, आणि अमेरिकेत शाळांच्या ग्रंथालयांतून हे पुस्तक काढून टाकावे अशी मागणी वारंवार होत आली आहे. आमचे मत असे की हे पुस्तक कोवळ्या मुलांच्या हाती देण्याचे नव्हे. आईवडिलांनी मात्र ते जरूर वाचावे.

आता प्रार्थनेकडे परत यायला हवे. जेराल्डीनच्या घरातून हाकलली जात असताना पेकोलाला भिंतीवरचे येशूचे चित्र दिसते. ते डोळे दुःखी आहेत, पण जे घडले त्याचे त्यांना आश्चर्य वाटलेले दिसत नाही. ते चित्र कसे असेल? कादंबरी फारसा तपशील देत नाही. पण ज्या १९४० साली तिचे कथानक सुरू होते त्याच साली शिकागोच्या वॉर्नर सॉलमन या चित्रकाराने सोनेरी-तपकिरी केसांच्या गोऱ्या ख्रिस्ताचे मस्तकचित्र रंगवले, आणि ते पुढे कोट्यवधी प्रतींनी जगभर पोहोचले. देवाचा चेहराच दुसऱ्या वंशाचा असेल तर काळी मुलगी प्रार्थनेत दुसऱ्याचे डोळे मागणार, यात नवल ते काय? शेवटी तिला भेटतो तो सोपहेड चर्च, देवाच्या नावाने लोकांची स्वप्ने सांगून पोट भरणारा. आपल्याला नकोशा झालेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला तो तिच्या हातून विषारी मांस घालवतो, कुत्रा तडफडला म्हणजे तुझी प्रार्थना फळाला आली असे सांगतो, आणि मग देवाला पत्र लिहून बजावतो की तू जे केले नाहीस ते मी केले. धर्माचा पोशाख घातलेल्या अहंकाराचे याहून भयंकर चित्र काढणे अवघड आहे. ते काढणारी लेखिका श्रद्धेची टवाळी करणारी नव्हे. मुलीच्या प्रार्थनेची तिने कोठेही थट्टा केलेली नाही. त्या प्रार्थनेचा लाभ उठवणाऱ्याला तिने उघडे पाडले आहे.

या बाबतीत आपल्याकडची एक गोष्ट आठवण्याजोगी आहे. गोव्यात १९०२ साली जन्मलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांनी साडी नेसलेली, सावळ्या वर्णाची पवित्र मरिया रंगवली तेव्हा ती तत्कालीन गोव्यातील अनेक कॅथलिकांना रुचली नाही. त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात गेला. नाझरेथच्या यहुदी कन्येला युरोपीय चेहरा देणे ज्यांना खटकत नव्हते, त्यांना तिला कोकणी चेहरा देणे खटकले. हा वाद केवळ कलेचा नव्हता. पवित्र म्हणजे गोरे, ही समजूत किती दूरवर आणि किती खोल गेली होती, याचा तो पुरावा होता.

मराठी वाचकाला कृष्णवर्णीयांचे साहित्य परके नाही. डॉ. जनार्दन वाघमारे यांनी ‘अमेरिकन निग्रो: साहित्य आणि संस्कृती’ या ग्रंथातून त्याची ओळख करून दिली; १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘दलित पँथर’ने अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’वरून आपले नाव घेतले. तरीही वंश आणि जात यांची सरसकट बरोबरी करणे योग्य होणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या १९४६ आणि १९४८ सालच्या ग्रंथांत, शूद्र किंवा अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे होते हा सिद्धांत स्पष्टपणे नाकारला आहे. जात कातडीच्या रंगावरून ओळखता येत नाही. परंतु रंगाचे माप मात्र आपल्याकडे सर्व जातिधर्मांत, आणि ख्रिस्ती घरांतही, सर्रास वापरले जाते. बाळ जन्मताच त्याच्या कानाची पाळी पाहून रंगाचा अंदाज बांधणारे, गरोदर सुनेला केशराचे दूध पाजणारे आपलेच प्रेमळ वडीलधारे असतात. स्थळ सुचवताना ‘मुलगी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस’ असे सहज म्हटले जाते. त्या वाक्यातील ‘पण’ शेजारच्या खोलीत बसलेल्या मुलीला ऐकू जातो. तिला काय ऐकू जाते, ते मॉरिसन यांनी लिहिले आहे.

कादंबरीत दोष नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. पेकोलाभोवतीच्या प्रत्येकाचा इतिहास आपल्याला सविस्तर कळतो. पेकोला स्वतः मात्र जवळजवळ मुकी राहते. तिचा स्वतःशी चाललेला दीर्घ संवाद येतो तो वेड लागल्यावर, काल्पनिक मैत्रिणीबरोबर. तोवर वाचक तिच्याकडे बाहेरूनच पाहत राहतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दया येणे सोपे असते. हा दोष प्रथम स्वतः लेखिकेनेच दाखवला. १९९३ साली लिहिलेल्या उत्तरलेखात त्यांनी असे म्हटले की बरेच वाचक पेकोलाची कीव करून मोकळे झाले. तिच्या विध्वंसातील आपला वाटा तपासण्यापर्यंत ते पोहोचले नाहीत. शेवटच्या पानांत क्लॉडिया प्रसंगांतून सांगून झालेले पुन्हा विवरणाने सांगते, हेही आम्हांला किंचित अनावश्यक वाटले. तथापि पहिल्या कादंबरीतील ही उणीव तिच्या धाडसाच्या मानाने लहान आहे.

शीर्षकाकडेही लक्ष द्यायला हवे. ‘निळा डोळा’ नव्हे, ‘सर्वांत निळा डोळा’. वेड लागलेल्या पेकोलाला आपले डोळे निळे झाल्याची खात्री पटते, पण समाधान मिळत नाही. दुसऱ्या कोणाचे तरी याहून निळे असतील का, ही नवी धास्ती तिला लागते. दुसऱ्याच्या मापाने स्वतःला मोजणाऱ्याला कधीच पुरे पडत नाही, हे या एका विशेषणाने सांगितले आहे.

ही कादंबरी लिहिली गेली तेव्हा अमेरिकेत ‘काळे ते सुंदर’ ही घोषणा दुमदुमत होती. मॉरिसन यांना ती घोषणा खोटी वाटत नव्हती. पण तसे नव्हते त्या दिवसांत एका मुलीचे काय झाले, हे घोषणेच्या गजरात विसरले जाईल असे त्यांना वाटले. घोषणेने सगळे संपले नाही हे पुढील काळाने दाखवले. केसांच्या नैसर्गिक ठेवणीवरून शाळेत वा नोकरीत भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा अमेरिकेतील राज्यांपैकी पहिल्यांदा कॅलिफोर्नियाने केला, तोही २०१९ साली. मे २०२०मध्ये मिनियापोलिस येथे पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड यांचा जीव गेला आणि साऱ्या जगात निदर्शने झाली. त्याच वर्षी आपल्या देशात गोरेपणाची हमी देणाऱ्या एका प्रसिद्ध मलमाच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द काढण्यात आला. नाव बदलले, डबी मात्र दुकानांतून गेली नाही.

क्लॉडिया आणि तिची बहीण फ्रीडा सायकलसाठी साठवलेले पैसे जमिनीत पुरतात आणि झेंडूचे बी पेरतात. झेंडू फुलला तर पेकोलाचे बाळ जगेल, असा त्यांचा नवस असतो. त्या वस्तीत ते काळे बाळ जगावे अशी इच्छा करणाऱ्या एवढ्या दोघीच. झेंडू उगवत नाही. बी फार खोल पेरल्याचा दोष क्लॉडिया कित्येक वर्षे स्वतःला देते. दोष जमिनीचा होता हे तिला फार उशिरा उमगते. आपल्या घरांत, शाळांत आणि धर्मग्रामांत मुले वाढतात ती जमीन आपण मोठ्यांनीच तयार केलेली असते. भिंतीवर कोणते चित्र लावतो, नाताळला कोणती बाहुली आणतो, पाहुण्यांसमोर लेकीच्या रंगाबद्दल काय बोलतो, यांतूनच ती तयार होते. आपली मुले झोपण्यापूर्वी देवाजवळ काय मागतात हे जाणून घ्यावेसे ज्यांना वाटते, त्यांनी हे पुस्तक वाचावे.